बायकांचे पीक लावणारा भाऊ

‘श्रीधरपंतांनी पत्नीच्या उत्कर्षासाठी स्वतःच्या विद्वत्तेची आहुती दिली. परदेशात येऊन संसाराचा भार त्यांनी मुकाट्याने वाहिला, आणि स्वतःचे अपुरेपण आफ्रिकेतील पराक्रमी पुरुषांच्या कथांमध्ये ते विसरू पाहत राहिले.’

श्रीधर, हे वाक्य तुझ्याविषयीचे आहे. तुझ्या शोकसभेत इथल्या, न्यूझीलंडमधल्या, आपल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी ते कागदावरून वाचले आणि सभागृहातल्या बहुतेकांनी माना डोलावल्या. मी उठून उभा राहणार होतो. शेजारी बसलेल्या तुझ्या मीनाने माझ्या बाहीला हात लावला, म्हणून बसून राहिलो. थोरल्या भावाने धाकट्याच्या शोकसभेत भांडण काढणे शोभत नाही, एवढे मलाही कळते. परंतु ते बसून राहणे मला अजून पचलेले नाही. तेव्हा जे तिथे बोलायचे राहिले ते इथे लिहितो, आणि तुलाच उद्देशून लिहितो. कारण माझे वाक्य पुरे व्हायच्या आत ते खोडण्याची सवय फक्त तुला होती, आणि त्या सवयीवाचून मला नीट लिहिता येत नाही.

अध्यक्षांच्या नंतर तुझी इरा बोलली. ती मराठी सगळे समजते आणि उत्तर इंग्रजीत देते, तसाच तिने तुझा निरोपही इंग्रजीतच घेतला. तुझ्या झिजलेल्या जँडल्सविषयी, म्हणजे त्या रबरी चपलांविषयी, तिने एक विनोद केला, लोक हसले, आणि मग ती म्हणाली, ‘बाबा गेव्ह अप एव्हरीथिंग, सो दॅट आई कुड बी हू शी इज.’ पोर मनापासून बोलत होती. तिचा राग मला आला नाही. पण अध्यक्षांनी अलंकार घालून सांगितलेले आणि तुझ्या मुलीने साधेपणाने सांगितलेले एकच होते, आणि ते चूक होते.

हिल्सबरोला तुझ्या घरी परतताना गाडी मी चालवत होतो. मीना माझ्या शेजारी होती, इरा मागे.

‘दादा, तुम्ही उठत का होतात?’ मीनाने विचारले.

‘तो माणूस खोटं बोलत होता.’

‘खोटं नाही ते. जरा जड शब्दांत होतं, इतकंच. मी श्रीधरचं आयुष्य घेतलं. सगळ्यांना दिसत होतं. आज कुणीतरी बोललं.’

‘आई, डोन्ट,’ मागून इरा म्हणाली.

घरी आल्यावर मीना स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहिली. खिडकीतून तुझा अळूचा वाफा दिसतो, ते तुला सांगायला नको. कुंपणालगतच्या ओलसर उतारावर तू लावलेला, छातीपर्यंत वाढलेला. ती म्हणाली, ‘गवत कापणाऱ्याला सांगून तो वाफा काढून टाकायचाय. बघवत नाही मला. मी थिएटरमधून माणसांना भूल देऊन घरी यायचे आणि हा तिथे चिखलात उभा असायचा. कॉलेजात शिकवणारा माणूस. माझ्यामुळे.’

मी हे का लिहितो आहे, ते आता तुझ्या लक्षात आले असेल. अध्यक्षांना काय वाटते याची मी कधी पर्वा केलेली नाही. पण मीना त्या खिडकीशी उभी राहून जे बोलली, ते तिने तसेच मनात बाळगून उरलेले आयुष्य काढावे, हे मला मान्य नाही.

‘मुकाट्याने’ हा शब्द आधी घेतो, कारण तो सर्वांत हास्यास्पद आहे. तू आणि मुकाट्याने? मी रविवारी हॅमिल्टनहून गाडी हाकत तुझ्या दारात यायचो आणि मी बूट काढत असतानाच तू मागच्या रविवारचे भांडण जिथे थांबले होते तिथून पुढे सुरू करायचास. हातात झारा, कमरेला टॉवेल, आणि तोंडात इग्बो. नायजेरियाच्या आग्नेयेकडच्या त्या लोकांविषयी, त्यांच्यातल्याच लेखकांनी लिहिलेल्या त्या कादंबऱ्यांविषयी आपण दोघे जितके भांडलो तितके वडिलांच्या घराविषयीही भांडलो नाही. मी आयुष्यभर दुधाची भुकटी करणाऱ्या यंत्रांत रमलेला माणूस; कादंबऱ्या माझ्या गळ्यात तू मारल्यास. एकदा वाचल्यावर मात्र मी माझे मत बनवले, आणि बनवलेले मत सोडणे माझ्या स्वभावात नाही.

माझे मत तुला पाठ होते. ही गावे पुरुषांची आहेत, असे मी म्हणायचो. यामचा कंद, म्हणजे आपल्या कोनफळाचा तो दांडगा भाऊ, फक्त पुरुषाने लावायचा. वखारीत खांबांना बांधलेल्या कंदांवरून त्याची योग्यता ठरायची, आणि त्या योग्यतेत बायकाही धरल्या जायच्या. पाहुणा आला की कोलाची बी पुरुषाने फोडायची. घरातली बाई कितीही वडीलधारी असो, तिने हात लावायचा नाही. मुखवटे घालून पूर्वज अवतरले की बायकांनी पळायचे. ज्याच्या पदरी गावातली मानाची पदवी नाही, त्याला बाई म्हणून हिणवायचे. हे सगळे लेखकांनीच लिहून ठेवले आहे. मी पदरचे काही घातलेले नाही. असे मी म्हणालो की तू कढईतून मान वर न करता म्हणायचास, ‘दादा, तू कादंबरी पुढच्या अंगणातून वाचतोस. मागच्या दाराने आत जा.’

मागच्या दाराने तुला काय दिसत होते, तेही मला पाठ आहे. मुलांना संध्याकाळी गोष्टी कोण सांगते. भांडलेला पुरुष पळून जातो तो कोणाच्या माहेरी आसरा घेतो. घरात कोणी मेले की लग्न होऊन गेलेल्या लेकी परत येतात, ओटीवर ठाण मांडतात, आणि त्यांचे समाधान झाल्याशिवाय पुढचे विधी हलत नाहीत. मोठमोठे पदवीधारी त्यांच्यापुढे नरम येतात. ‘पण हे एकेका ओळीत येतं,’ मी म्हणायचो, ‘आणि यामवर पानंच्या पानं.’ त्यावर तू विचारायचास, ‘पानं कोण लिहितंय?’ त्या प्रश्नाचे उत्तर मी दिले नाही, हे मान्य करतो. दिले नाही, याचा अर्थ ते माझ्यापाशी नव्हते असा होत नाही. जेवण गार होत होते.

‘पराक्रमी पुरुषांच्या कथा’ असे जे अध्यक्ष म्हणाले, त्यांनी तुला वाचताना एकदा तरी पाहायला हवे होते. युद्ध आले, कुस्ती आली, पदवी घेण्याचा समारंभ आला की तू पाने भराभर उलटायचास, आणि चुलीपाशी काही घडू लागले की थांबायचास. पुण्यात तू कॉलेजात शिकवत होतास तेव्हा दर वर्षी परीक्षेला एक प्रश्न ठरलेला असे: इग्बो समाजातील स्त्रीचे स्थान. गाइडमध्ये उत्तरही ठरलेले: गौण. तू मुलांना सांगितलेस, ‘हे उत्तर मी लिहून देणार नाही. तुम्ही कादंबरी उघडा आणि या नायकाला कोणकोणत्या दिवशी कोणी जेवायला घातलं, ते शोधा.’ मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘सर, हे परीक्षेला येणार का?’ तू हसत हसत मला हे सांगितलेस, पण दुसऱ्यांदा कधी सांगितले नाहीस. विद्वत्तेची आहुती वगैरे म्हणणाऱ्यांना त्या विद्वत्तेचे तिथे काय चालले होते, याची कल्पना नाही.

आता अळूकडे येतो.

तुझ्या घरामागच्या समोअन शेजारणीने तुला कंद दिले आणि तू ते लावलेस, फक्त अळूवडीसाठी. ओबिन्ना पहिल्यांदा घरी आला तो दिवस मला आठवतो. माउंट वेलिंग्टनच्या एका कचेरीत संगणकाचे काम करणारा, इराच्या मैत्रिणीचा बाप, जन्माने इग्बो. तू त्याला जेवायला बोलावले होतेस आणि मला मुद्दाम हजर राहायला सांगितले होतेस. मला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा तुझा बेत उघड होता. ओबिन्ना मागच्या दारी आला, तुला पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून वाफ्यात उभा असलेला पाहिला, आणि त्याला हसू आवरेना.

‘ब्रदर,’ तो आपल्या इंग्रजीत म्हणाला, ‘माझ्या आजोबांनी तुला असं बघितलं असतं ना, तर त्याच दिवशी तुझ्यासाठी बायको शोधायला माणसं पाठवली असती. हे बायकांचं पीक आहे. आम्ही एडे म्हणतो. पुरुष याला हात लावत नाही.’

‘ऐकलंस?’ मी तुला म्हणालो.

‘ऐकलं,’ तू म्हणालास, आणि त्याच्याकडे वळलास. ‘जुना याम संपला, नवा अजून जमिनीत आहे. त्या महिन्यांत तुझे आजोबा काय खायचे?’

ओबिन्नाने हसू आवरले. ‘आजीचं एडे,’ तो म्हणाला.

‘रोज?’

‘रोज. पण बाहेर ओट्यावर बसले की यामच खाल्ला म्हणून सांगायचे.’

तुम्ही दोघे इतके हसलात की मीना वरच्या मजल्यावरून काय झाले ते बघायला आली. मी हसलो नाही. मी म्हणालो, ‘ओट्यावर यामचं नाव घ्यावं लागतं, याचाच अर्थ मान यामला आहे.’ ओबिन्ना म्हणाला, ‘तेही खरंय.’ तू म्हणालास, ‘दादा, मान कोणाला आहे हे मी विचारलंच नाही. जेवण कुणी दिलं ते विचारलं.’ इथे तू प्रश्न बदललास, असे माझे तेव्हाही म्हणणे होते आणि आजही आहे. वाद मानाचाच चालला होता.

त्या दिवशी जेवताना दुसरा मुद्दा निघाला. त्या समाजात बाईला नवरा होता येत असे, असे तू म्हणालास. पैसा आणि कर्तृत्व असलेली बाई मुलीच्या घरच्यांना रीतसर देज मोजून दुसऱ्या बाईशी लग्न लावी, आणि त्या दुसरीची मुले या बाईच्या घराण्याची धरली जात. मी म्हणालो, ‘हे लेखकाचं डोकं. कादंबरीत काहीही चालतं.’ तू ओबिन्नाकडे पाहिलेस. तो भातावर फदफदे वाढून घेत होता, तसाच शांतपणे म्हणाला, ‘माझ्या आजोबांची आत्या. तिला बायको होती. आम्ही त्या आत्याला आजोबाच म्हणायचो.’

‘अपवाद,’ मी म्हणालो.

‘दादा,’ तू म्हणालास, ‘तुझ्याकडे अपवाद ठेवायला स्वतंत्र कपाट लागेल.’

ओबिन्नाने ते वाक्य पुढे वर्षानुवर्षे वापरले. मी आलो की विचारायचा, ‘कपाट आणलंय का?’ तुझ्या शोकसभेला तो आला होता. मागे उभा होता. बाहेर पडताना त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला, आणि आम्ही दोघेही कपाटाविषयी बोललो नाही.

तुझे अपुरेपण, असा शब्द अध्यक्षांनी वापरला. ते कोणाला दिसले, हे मला कळायला हवे. मला आठवते ते एवढेच की, मंडळाच्या गणपतीत एक नवीन आलेले गृहस्थ हातात प्रसादाची वाटी घेऊन तुझ्यापाशी आले आणि इथे प्रत्येकाला विचारतात तेच त्यांनी विचारले.

‘आपण काय करता?’

‘स्वयंपाक.’

‘अच्छा, केटरिंगमध्ये?’

‘नाही, घरी.’

ते गृहस्थ वाटीतल्या खिरापतीकडे पाहू लागले. मला ते बघवेना. मी मध्ये पडलो. म्हणालो, ‘प्राध्यापक होता हा. इंग्रजी वाङ्मयाचा.’ त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. तुझ्या चेहऱ्यावरचा गेला. गाडीपाशी आल्यावर तू म्हणालास, ‘तू “होता” कशाला सांगितलंस? मी आहे ते सांगून झालं होतं.’

‘त्या माणसाला तुझी कीव येत होती, श्रीधर.’

‘येऊ दे की. त्याची आहे ती, त्याच्याजवळ राहील.’

मी आजही मध्ये पडेन. भावाची कोणी कीव केलेली मला खपत नाही, आणि ह्यात माझे काही चुकले असे मी म्हणणार नाही. पण नोंद करून ठेवतो की त्या प्रसंगात अवघडलेले दोघे होते, ते गृहस्थ आणि मी. तू नव्हतास. तू गाडीत बसलास आणि दुसऱ्या दिवशीच्या डाळीविषयी बोलू लागलास, कारण ती भिजत घालायची राहिली होती.

तुझे माझ्यावरचे ऋण मी असे जाहीरपणे मांडत बसणार नाही. तुला ते आवडले नसते आणि मला जमत नाही. एवढेच म्हणतो की आमची ही गेल्यानंतर माझे रविवार तू सांभाळलेस. मी येतो तो वाद घालायला, असे तू मला समजू दिलेस, आणि जेवण त्या वादाच्या मध्ये कुठेतरी आपोआप घडल्यासारखे माझ्यापुढे येत गेले. परत जाताना डबा असायचा. डब्याविषयी तू कधी बोलला नाहीस, मीही बोललो नाही. रिकामा डबा पुढच्या रविवारी मी धुऊन आणायचो, आणि तू तो पुन्हा धुवायचास.

हॉस्पिटलातल्या आपल्या शेवटच्या भेटीत तू थकलेला होतास, तरी विचारलेस, ‘हॅमिल्टनच्या अळूचं काय झालं?’ तुझ्याकडून नेलेले कंद मी तिथे लावले होते.

‘गेला,’ मी म्हणालो. ‘पहाटेचं दव गोठलं, पानं काळी पडली.’

‘पुरुषाने लावलं की असं होतं.’

‘मग तुझा कसा जगला?’

तू डोळे मिटलेस. मला वाटले झोप लागली. मग म्हणालास, ‘त्याचं उत्तर रविवारी देतो.’ तो रविवार आला नाही, म्हणून ते उत्तर मला मिळाले नाही. माझ्या परीने मी एक तयार केले आहे, पण ते तुझ्यासारखे झालेले नाही.

तर, आहुती. हा शब्द मी शेवटी ठेवला, कारण याच्या बाबतीत मी तुझ्याशीही सहमत नाही.

लग्नाच्या वाढदिवसाला मीना सगळ्यांसमोर तेच सांगत आली: श्रीधरने माझ्यासाठी नोकरी सोडली. दर वेळी तू मान खाली घालून पापड वाढायला उठायचास. लोक त्याला विनय समजले. खरे काय ते मला ठाऊक होते, आणि तुला ठाऊक होते की मला ठाऊक आहे. पापडाची थाळी माझ्यापुढे आली की तू माझ्याकडे बघायचे टाळायचास.

मी तुला सांगितले होते, आणि एकदा नव्हे, की तिला खरे सांगून टाक. तुझे कारण तू मला पहिल्यापासून दिले होतेस. तू म्हणायचास, ‘मी आधीच सोडली होती हे कळलं तर तिला वाटेल, हा घरी बसला म्हणून मला परदेशी जाऊन कमवावं लागलं. ती खुशीने आली, दादा. ती खुशी तशीच राहू दे.’ हेतू चांगला होता. त्याचा परिणाम काय झाला, तो मी परवा मीना खिडकीशी उभी राहिली तेव्हा पाहिला. तिची खुशी राखायला गेलास आणि तिच्या डोक्यावर एक ओझे ठेवून दिलेस, जे उतरवून घ्यायला ती आता कोणाकडे जाणार? ओबिन्नाच्या आजोबांची गंमत तुला कळली, ओट्यावर एक आणि पानात दुसरे. स्वतःच्या ओट्यावर मात्र तुझ्या नावाने तेच सांगितले जात होते आणि तू ते चालू दिलेस. फरक एवढाच की आजोबा स्वतः सांगत होते. तू दुसऱ्यांना सांगू दिलेस. यावर तू काय म्हणाला असतास ते मला सुचते, पण तुझ्या वतीने मी ते लिहिणार नाही.

तुला दिलेला शब्द मी मोडतो आहे. मीनाला हे छापून येण्याआधी वाचायला दिले आहे. ती मला खोटे ठरवायला निघाली, तर तिने काय तपासावे तेही लिहून ठेवतो.

मी त्या वर्षी इथून रजेवर पुण्याला आलो होतो. कॉलेजला उन्हाळ्याची सुट्टी लागत होती. तू म्हणालास, ‘दादा, जरा कॉलेजपर्यंत सोड.’ मी तुला वडिलांच्या जुन्या स्कूटरवरून सोडले आणि फाटकाबाहेर गुलमोहराखाली उभा राहिलो. तू आत जाऊन लवकरच बाहेर आलास आणि मागे बसलास.

‘काय काम होतं?’

‘राजीनामा दिला.’

मी स्कूटर बंद केली. ‘दुसरीकडे मिळाली?’

‘नाही.’

‘मग करणार काय?’

‘घरी राहणार. इराला सांभाळणार. वाचणार. स्वयंपाक नीट शिकणार, मीनाला वेळ नाही आणि मला आवडतो.’ मग म्हणालास, ‘मला घरी राहायचंय, दादा. केव्हापासून राहायचंय. लाज वाटायची म्हणून बोलत नव्हतो. आज वाटली नाही.’

मी तुला रस्ताभर बोललो. सिग्नलला शेजारचे रिक्षावाले ऐकत होते, इतके बोललो. पुरुषासारखा पुरुष, शिकलेला, धडधाकट, असे सगळे बोललो. तू मागे बसून ऐकत होतास, आणि घर जवळ आल्यावर म्हणालास, ‘मीनाला मी सुट्टीत सावकाश सांगेन. तू काही बोलू नकोस.’ मी शब्द दिला. सुट्टी होती, तू घरीच असायचास. तिला संशय यायचे कारण नव्हते. पुढे तिची इथली नेमणूक आली आणि जूनमध्ये तू तिला सांगितलेस की, ‘दिला राजीनामा.’ तारीख तिने विचारली नाही.

आता मीनाने स्वतःच हजार वेळा सांगितलेली गोष्ट तिने आठवून पाहावी. परदेशी जाण्याचा विचार तिच्या मनात नव्हता. दुपारी सगळे जेवायला बसले असताना मी म्हणालो की न्यूझीलंडमध्ये भूल देणाऱ्या डॉक्टरांची फार गरज आहे, अर्ज करून पाहा. आणि तिच्या हातातली आमटीची पळी तशीच राहिली. त्या घरात न्यूझीलंडचे नाव कोणीही काढण्याची ती पहिली वेळ होती, असे ती सांगते, आणि ते बरोबर आहे. मी ते नाव का काढले, हे तिने मला कधी विचारले नाही. त्या जेवणाच्या आदल्या दिवशी तू राजीनामा दिला होतास.